गोदीच्या कापसाची घोंगडी

लोक छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायला जातात, मकबरा बघायला जातात, घरात लग्न निघालं असेल तर तिथून पैठणला जाऊन पैठण्या उलगडून घेतात. मी भिवाजीची छाती बघायला गेलो होतो. परत आल्यापासून जो तो विचारतो, ‘काय, वेरूळ पाहिलंत की नाही?’ नाही पाहिलं. जे पाहिलं ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला सांगत बसायला नको. बोलताना दम लागतो.

मी मालवणकडचा. सगळी नोकरी नौदलाच्या गोदीत गेली, बॉयलर फिटर म्हणून. भिवाजी माझ्याच खात्यात लॅगर होता. लॅगर म्हणजे बोटीतल्या बॉयलरला आणि वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळणारा. नळ मी जोडायचे आणि त्यांना कपडे भिवाजीने घालायचे, अशी आमची जोडी. निवृत्त झाल्यावर तो सिल्लोडच्या पुढे आपल्या वाडीवर गेला, मी माझ्या गावी आलो, आणि फोनवर एकमेकांना शिव्या देत आम्ही मैत्री टिकवली. गेल्या पावसाळ्यात माझा खोकला हटेना तेव्हा डॉक्टरने छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, ‘नोकरी कुठे केलीत?’ मी गोदीचं नाव घेतलं. तो नुसता ‘हं’ म्हणाला. गोदीचा कापूस फुप्फुसात बसलाय, आणि तो असा पठ्ठ्या आहे की सरणावरसुद्धा जळायचा नाही.

त्याच आठवड्यात भिवाजीचा फोन आला. ‘दम पुरंना रं, मालवण्या. जत्रा हाय आमची. येऊन जा एकदा.’ मी ठरवलं, जायचं, आणि त्याला धरून शहरात आणून त्याचाही फोटो काढायचा.

गोदीविषयी थोडं सांगायला हवं, कारण तिच्यावर जी चकचकीत पुस्तकं निघतात त्यांत सगळं आहे आणि आम्ही नाही. कंपनी सरकारच्या काळात दगडी धक्के बांधले, सागवानी गलबतं उतरवली, मग वाफ आली. वाफ आली की उष्णता आली, आणि उष्णता अडवायला हा दगडातून निघणारा कापूस आला. इंग्रज गेले ते जाताना त्यांच्या जुन्या बोटी आपल्याला देऊन गेले. आपण त्यांवर तिरंगा लावला, बँड वाजवला. बोटींच्या पोटात कापूस तोच होता. दर दुरुस्तीला जुना फोडून काढायचा, नवा चढवायचा. बॉयलरच्या खोलीत इतकं पांढरं उडायचं की समोरचा माणूस दिसायचा नाही, आणि आम्ही त्यातच बसून डबा खायचो. नवीन पोरगा आला की त्याच्यावर कापसाचे गोळे फेकून मारायचो. मजा वाटायची.

भिवाजीचे लोक तिथे कसे आले त्याचीही एक गोष्ट आहे. पोलिस अ‍ॅक्शन झाली, निजामाची सद्दी संपली, आणि मराठवाड्यातली माणसं कामासाठी किनाऱ्याकडे निघाली. त्यात भिवाजीचा चुलता होता. जातीचा धनगर. कापसाचं पोतं बघून तो म्हणाला, ही तर लोकर आहे. कनवटीला चाती, म्हणजे सूत कातायची टकळी, होतीच. तिथल्या तिथे बसून त्याने दोर कातून दाखवला. परदेशातून आगबोटीने येणारा दोर इथे मांडीवर तयार होतोय हे बघून ठेकेदाराच्या तोंडाला पाणी सुटलं. चुलत्याने मग भाऊबंद बोलावले. आता, धूळ उडू नये म्हणून कापूस भिजवून वापरावा असा नियम होता. भिंतीवर पाटीसुद्धा होती, इंग्रजीत. पण धनगर लोकर कधी भिजवून पिंजत नाही. ओल्या लोकरीचे गोळे होतात, सूत तुटतं, बघणारे हसतात. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने कापूस वाळवला, पिंजला आणि कातला. कोरडं काम झपाझप व्हायचं. ठेकेदार त्यांच्या पाठीवर थाप मारून जायचा.

छत्रपती संभाजीनगर

स्टेशनवर उतरलो ते उन्हात. आमच्याकडे ऊन घाम काढतं, इथलं ऊन घाम यायच्या आधीच वाळवतं. रिक्षावाला म्हातारा, दाढीला मेंदी लावलेला. ‘कहाँ कू जाना चाचा?’ म्हणाला. मी चिकलठाणा म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ठरवलं की या माणसाला आधी जेवायची गरज आहे. ‘चिकलठाणा कहीं भाग के नई जारा. पैले नान-कलिया खालो.’ मला जुन्या शहरातल्या एका हॉटेलाशी सोडलं आणि स्वतः बाहेर बिडी ओढत थांबला. नान भाकरीएवढा मोठा, पिवळसर, आणि कलिया इतका लाल की आमच्या तिरफळाच्या कढीने शरमून मान खाली घालावी. मी हावरटासारखा जेवलो. पुढचा सगळा दिवस पोटाने त्याचा सूड घेतला.

भिवाजीचा मुलगा नामदेव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, तिथेच खोली करून राहतो. बायको, म्हणजे रंजना, वाडीवर सासऱ्याला सांभाळते. नामदेवाने मला कौतुकाने खोली दाखवली. वर बघतो तर अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे, एका कोपऱ्यात फुटलेले.

‘तो तुकडा पडला तर हाताने उचलू नकोस,’ मी म्हणालो.

‘व्हय काका,’ नामदेव म्हणाला. ‘पन पत्रा झ्याक हाय. तापत नाय लोखंडावानी.’

पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानाच्या छपराला नावं ठेवू नयेत, एवढं मला आईने शिकवलं होतं. नामदेवाला रजा नव्हती. सकाळी त्याने मला सिल्लोडच्या गाडीत बसवून दिलं.

सिल्लोडच्या पुढे

एसटीत माझी अब्रू गेली. भिवाजीसाठी मी सुके बांगडे नेले होते. गोदीत असताना तो माझ्या डब्यातले बांगडे चोरून खायचा आणि धनगराला मासे बाधतात म्हणून वर ओरडायचा. मासे तीन कागदांत गुंडाळले होते, पण फुलंब्रीच्या आधीच बांगड्यांनी आपली ओळख करून दिली.

कंडक्टर हुंगत हुंगत आला. ‘म्हातारबा, पिशवीत काय मेलंय?’

‘मासे आहेत.’

‘अन् कधी मेलेत?’

गाडी हसली. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. मला मागच्या बाकावर धाडलं, तिथे बकऱ्यांचा एक व्यापारी बसला होता, त्याला कशाचंच काही वाटलं नाही. दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी. कपाशी फुटली होती. तो खरा कापूस बघून मला बरं वाटलं नाही, डोळे मिटून बसलो.

वाडी म्हणजे माळावरची थोडी घरं, काटेरी कुंपणात मेंढरं आणि टेकाडावर बिरोबाचं देऊळ. भिवाजी अंगणात बाजेवर बसलेला. झोपत नाही, आडवं झालं की गुदमरतो. एकेकाळी बॉयलरच्या भोकातून आरपार जाणारा माणूस, आता खुंटीला अडकवलेल्या सदऱ्याएवढा राहिला होता.

‘आलास व्हय?’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, आधी तुझीच बातमी येती.’

‘तुझी बघून मग जाणार आहे,’ मी म्हणालो. मग आम्ही दोघे हसलो, आणि दोघेही खोकायला लागलो. कोण आधी थांबतो याची जणू शर्यत.

रंजना पाणी घेऊन आली. चटपटीत पोरगी, डोळ्यांत हुशारी. सासऱ्यासमोर पदर घेते, पण पदराआडून सगळं ऐकते. तिने बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा वाढला. बांगडे तिने नाक न मुरडता चुलीत भाजले. भिवाजीने दोन घास खाल्ले आणि डोळे पुसले. धुराने असेल.

संध्याकाळी मी दवाखान्याचा विषय काढला. ‘जत्रा होऊ दे,’ तो म्हणाला. ‘उद्या तुला देवाची घोंगडी दावतो. तिच्यापुढं तुजा दवाखाना काय न्हाय.’

जत्रेच्या आदल्या दिवशी

देवळाचं बघणारे तात्या म्हणजे वाडीतले सगळ्यांत जाणते. कपाळभर भंडारा आणि आवाज असा की मेंढरू लांबून वळावं. त्यांनी पेटी उघडली, दोन्ही हातांनी घोंगडी काढली, कपाळाला लावली आणि सांगायला लागले.

भिवाजी ऐन उमेदीत असताना सुटीला आला, येताना गोदीतून देवाची लोकर घेऊन आला. त्याच्या आईने ती काळ्या लोकरीत मिसळून कातली, घोंगडी विणली, चिंचोक्याची खळ दिली आणि बिरोबाला वाहिली. त्या वर्षी जत्रेच्या इंगळात, धगधगत्या निखाऱ्यांत, ती चुकून पडली. सगळे ओरडले. बाहेर ओढली तर जळाली नव्हती. काळी घोंगडी पांढरी होऊन निघाली होती!

‘काळी गेली, धवळी आली,’ तात्या म्हणाले. ‘तवापासनं दर साली इंगळावर धरतो. मंग घरची सून ती लोकावर झाडती. राख पडती ती कपाळाला लावायची. पोटुशा बाया जिभंला लावत्यात.’

मी घोंगडीच्या काठाला बोट लावलं. चिमटीत आलं ते मला आंधळा झालो तरी ओळखू आलं असतं. त्यातली लोकर तेव्हाच जळून गेली होती. उरला होता तो गोदीचा कापूस, दर वर्षी भाजून आणखी ठिसूळ झालेला. आणि तो माणसांवर झाडत होते.

‘कोण झाडतं?’ मी विचारलं.

‘भिवाच्या घरचा मान. त्याची केराबाई झाडायची, जाईस्तवर. आता रंजी.’

केराबाई मला आठवत होती. भिवाजीची बायको. टीबीची औषधं खात खात गेली, खोकला मात्र औषधाने हलला नाही. तो टीबी नव्हता, हे मला त्या पेटीसमोर उभं राहून कळलं. केराबाईने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, गोदीचं फाटक पाहिलं नव्हतं. तिला गोदी घरपोच मिळाली.

अंगणात परतल्यावर भिवाजीला मी सरळ विचारलं, ‘तुला ठाऊक होतं ना, हा कापूस आहे?’

‘म्याच आनला, मला ठाऊक नसंल व्हय? देवाला वाटलं तर देव गोदीतनं बी धाडतो.’

‘हे विष आहे, भिवाजी. माझ्या छातीत आहे, तुझ्या छातीत आहे. केराबाई यानेच गेली.’

त्याने टेकाडावरच्या देवळाकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘गोदीनं मला काय दिलं रं? जाताना एक हार घातला, त्यो बी शिळा. इथं म्या रस्त्यानं निघालो की मानसं वाकत्यात. घोंगडीवाला भिवा म्हनत्यात. आता मरताना मी त्यानला सांगू, की म्या तुमाला विष आनून दिलं?’ मी अंगणात एक फेरी मारली. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा? पाटी इंग्रजीत लिहिणारा केव्हाच मेला असेल, तोही बहुधा पेन्शन खाऊन, म्हातारा होऊन.

रंजना भिंतीला टेकून उभी होती. सासरा दमून डोळे मिटून बसल्यावर ती माझ्याजवळ आली. ‘काका, आत्याबाईला टीबी नव्हता का?’

‘नव्हता.’

‘ते अंगात गेलं की निगत नाय?’

‘नाही निघत.’

‘मी दोन साल झाडली. माझी पोरगी तवा कडंवर होती.’

मी म्हटलं, दोन वेळाच झाली आहे, प्रत्येकालाच होतं असं नाही, इथून पुढे धरू नकोस. खरं तेच सांगितलं. ती ऐकत होती आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. ‘मंग मी नाय झाडायची,’ ती म्हणाली. ‘अन् दुसरीला बी झाडू द्यायची नाय.’

तिन्हीसांजेला वाडीची माणसं देवळासमोर जमली आणि ही पोरगी पदर सावरून मध्ये उभी राहिली. वाडीतली सून अशी उभी राहून बोलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालायला गावकर लागतो. हिने स्वतःच घातलं. दुपारी मी डॉक्टरचा ‘हं’, फुप्फुसं, धूळ, सगळं सांगून पाहिलं होतं आणि तात्यांनी ते माशीसारखं झटकून टाकलं होतं. ती शहाणी. तिने डॉक्टरचं नावच काढलं नाही.

‘तात्या, घोंगडी थकली,’ ती म्हणाली. ‘इतकी सालं आग सोसली तिनं. झाडताना सुतं तुटून पडत्यात. अजून किती झाडायची? देवाला इचारा.’

कुणीतरी ‘रंजे, गप’ म्हणालं. बाजेसकट वर उचलून आणलेला भिवाजी ओरडायला गेला, दम पुरला नाही. तात्यांनी चिमूटभर भंडारा उधळला. मग देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली आणि कौल मागितला. आम्ही सगळे त्या फुलांकडे बघत राहिलो. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण मी हात जोडले होते, आणि ते कशासाठी हे मला नीट ठाऊक होतं. उजवं फूल पडलं.

‘झालं,’ तात्या म्हणाले. ‘देव म्हंतो, पुरे. घोंगडी उद्यापासनं झाडायची नाय.’

भिवाजी जेवला नाही. पण रंजना ताट उचलायला आली तेव्हा तिच्या पाठीकडे बघत मला म्हणाला, ‘तोंडाळ हाय. पर माझी सून हाय.’ दवाखान्यातही यायला तो तयार झाला. मी कित्येक महिन्यांनी न खोकता झोपलो.

जत्रेची सकाळ

उठलो तेव्हा अंगण रिकामं, भिवाजीची बाजसुद्धा वर नेलेली. मुलंमाणसं सगळी टेकाडावर. हलगी वाजत होती आणि बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी खुशीत चढ चढायला लागलो, थांबत, दम खात. मनात म्हटलं, आता घोंगडी ओली करून खोल पुरायला सांगू, तेवढं केलं की आपण सुटलो.

देवळासमोर बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये घोंगडी. दोघी दोन टोकं धरून ताणत होत्या आणि रंजना मधून फाडत होती. कोरडी. प्रत्येक ओढीला चर्र आवाज व्हायचा आणि सकाळच्या उन्हात पांढरं वर उठायचं. चिंध्यांचा ढीग पडला होता. घरागणिक एक. एकीने ती पाळण्याला बांधायला पदरात घेतली होती, दुसरी तान्ह्या पोराच्या गळ्यात गाठ मारत होती, एक म्हातारी चिंधी डोळ्यांवरून फिरवत होती.

तात्यांनी मला पाहिलं आणि उठून सामोरे आले. ‘या पाव्हणं. देवाचं वस्त्र थकलं की आमच्यात पुरीत नाय, टाकीत नाय. समद्यात वाटून घेतो. तुमच्या पायगुणानं झालं, पयला मान तुमचा.’ आणि त्यांनी सगळ्यांत रुंद पट्टी माझ्या खांद्यावर घातली. हलगी जोरात वाजली.

मी ओरडलो, ‘पाणी आणा! पाणी!’ फाडायचं थांबवा, सगळं भिजवा, पोरं लांब न्या, असं सगळं सांगायचं होतं. पण तेवढ्यात खोकला आला आणि असा आला की मी गुडघ्यांवर बसलो. बायका उठल्या, कुणी पाठ चोळली, कुणी पदराने वारा घातला. वाऱ्याने आणखी उडालं.

रंजना पळत पाण्याचा तांब्या घेऊन आली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तोंडभर हसत होती. तांब्या माझ्या हातात देत म्हणाली, ‘घ्या, घोटघोट प्या. काका, ऐकलं बगा समद्यांनी माझं. तात्या म्हनले, फाडायचा मान बी तुझाच. आता कुनाच्याच पोरीवर झाडायची पाळी येत नाय.’

मी तांब्या तिच्या डोक्यावर ओतला. हलगी थांबली. पाणी तिच्या केसांतून पांढरं होऊन गालांवर आलं, आणि ती तशीच उभी राहून माझ्याकडे बघत होती, हसू अजून ओठांवर होतं.

‘अजून आण,’ मी म्हणालो.